आवाज वाढवावा की अंतर कमी करावे?

उत्तराध्ययन सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात जीवाला दुर्लभ अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत : मनुष्यत्व, श्रुती, श्रद्धा आणि संयमातील पराक्रम. यांतील दुसरी गोष्ट श्रुती, म्हणजे धर्मश्रवण. मनुष्यजन्म लाभला, संस्कारी घर मिळाले, गावात चातुर्मासही झाला. परंतु उच्चारलेला शब्द कानापर्यंत शब्द म्हणून पोहोचलाच नाही, तर पुढच्या श्रद्धेची आणि पराक्रमाची वाट तेथेच अडते. श्रुतीचे दार कान आहे, आणि अलीकडे या दाराबाहेर एक नवा द्वारपाल उभा राहिला आहे. तो म्हणजे घरातील लॅपटॉपचा चिमुकला स्पीकर.

या द्वारपालाची खरी ओळख समाजाला २०२० साली झाली. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाराष्ट्रातील धर्मस्थळे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. मधल्या काळात महावीर जयंती घरातच साजरी झाली, चातुर्मासाचा बहुतेक काळ बंद दारांआड गेला आणि पर्युषणही तसेच पार पडले. मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरांत पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांपुरता प्रवेश मिळावा, यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. अशा वेळी स्वाध्याय, स्तवन, बालसंस्काराचे वर्ग आणि क्षमापनेचे चार शब्द घरोघरी पोहोचविण्याचे काम मोबाइलने आणि लॅपटॉपने केले. टाळेबंदी संपली, पण ही सवय टिकली. जालना शहरात, तसेच अंबड, परतूर, भोकरदन या तालुक्यांच्या गावी आज अनेक व्यापारी घरांत लॅपटॉप दिवसा पेढीवर हिशेबाचे काम करतो आणि संध्याकाळी घरी येऊन श्रवणाचे साधन होतो. पुण्यात शिकणारा मुलगा किंवा परदेशी गेलेली नात यांच्याशी होणारे रविवारचे बोलणेही त्याच्याच मुखातून ऐकले जाते.

चित्र ओळखीचे आहे. बैठकीच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवलेला असतो. तरुण मंडळी त्याच्या पुढ्यात आणि आजी सात-आठ फुटांवरच्या पलंगावर. कोणीतरी विचारते, "बाईजी, ऐकू येते ना?" आजी मान हलवतात. कार्यक्रम संपतो. दुसऱ्या दिवशी त्यातील एखाद्या गोष्टीचा विषय निघाला, तर आजी हसून गप्प राहतात. आवाज त्यांच्यापर्यंत गेलेला असतो, शब्द गेलेले नसतात. घरच्यांना त्रास नको म्हणून मान हलवणे ही त्यांची सवय असते आणि त्या मानेवर विश्वास ठेवणे ही घरच्यांची.

यावर घरात साधारणपणे दोन उपाय होतात. आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांवर नेली जाते. आणि तेवढ्याने भागले नाही, तर 'नवा लॅपटॉप घेऊ या' असे म्हटले जाते. पहिला उपाय अपुरा आहे आणि दुसरा बहुधा अनावश्यक. स्पष्ट ऐकू येण्यासाठी यंत्राची ताकद वाढवण्याआधी अंतर कमी करणे, खोली शांत करणे आणि यंत्राला योग्य जागी ठेवणे, हे कितीतरी अधिक लाभाचे असते. या तिन्हींना एक पैसाही लागत नाही.

स्थानकाने शिकवलेला धडा

ही गोष्ट समाजाला नवी नाही. अनेक परंपरांत साधु-साध्वी ध्वनिवर्धकाचा उपयोग करीत नाहीत. विद्युतेच्या वापरात तेजस्काय जीवांची विराधना होते, अशी त्यामागील धारणा आहे. या प्रश्नावर समाजात मतभेद झाले, चर्चाही पुष्कळ झाली. तथापि आजही अनेक ठिकाणी व्याख्यान माइकविना होते आणि मोठी सभा ते ऐकते. गुरुदेव गणेशलालजी महाराजांच्या स्मृतीने पावन झालेल्या जालन्यासारख्या क्षेत्रातील ज्येष्ठ श्रावकांना हा अनुभव नवा नाही.

माइकविना इतक्या लोकांना कसे ऐकू येते? श्रोते पाटाच्या जवळ, दाटीने बसतात. वक्त्याच्या पाठीशी भिंत असते; मागे जाणारा आवाज तिच्यावर आपटून सभेकडे परततो. बोलणे संथ आणि सुटे असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सभा शांत असते. उशिरा येणारा आवाज न करता मागे बसतो, लहान मूल रडू लागले की आई त्याला घेऊन बाहेर जाते. येथे आवाज कोणी मोठा केलेला नाही. त्याच्या वाटेतील अडथळे तेवढे दूर केले आहेत. आश्चर्य असे, की हीच घडी लॅपटॉपसमोर बसताना विसरली जाते. तेथे श्रोते दूर, यंत्र मऊ गादीवर, कूलर सुरू, स्वयंपाकघरात मिक्सर, आणि सगळा भार एका बोटभर स्पीकरवर.

लहान स्पीकरची मर्यादा

स्पीकरचे काम समजण्यास अवघड नाही. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून आवाजाबरहुकूम वीज वाहिली की वेटोळे मागे-पुढे हालते, त्याला जोडलेला पडदा हालतो आणि पडद्यासमोरची हवा कंप पावते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलेली रचना आजही जवळजवळ प्रत्येक स्पीकरच्या मुळाशी आहे.

आवाज म्हणजे शेवटी ढकललेली हवा. मोठा पडदा थोडा हालला तरी पुष्कळ हवा ढकलतो. लहान पडद्याला त्यासाठी फार हालावे लागते. शिवाय स्वर एक सप्तक खाली उतरला, की तेवढाच आवाज राखण्यासाठी पडद्याला चौपट हालावे लागते. लॅपटॉपचा स्पीकर नाण्याएवढा किंवा लांबट पट्टीसारखा, त्याची शक्ती साधारण एक-दोन वॅट, आणि पडद्याला हालण्यास मिलिमीटरच्या हिशेबात जागा. त्यामुळे मृदंगाची थाप किंवा तबल्याचा बायाँ त्यातून कधीच भरून येणार नाही. हा दोष त्या यंत्राचा नसून पातळ बांध्यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

परंतु बोलणे ऐकण्यासाठी ही मर्यादा तितकी आड येत नाही. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जात असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे तो या पट्ट्याच्या बाहेरच राही. तरीही ट्रंक कॉलवर मुंबईचे भाव विचारणारा मोंढ्यातील अडत्या पलीकडच्या दलालाचा आवाज लगेच ओळखत असे. मूळ स्वर गळाला तरी त्याच्या पटीतील वरचे स्वर ऐकून मेंदू तो स्वर मनात भरून काढतो. लॅपटॉपवर भारदस्त वाणी थोडी पातळ वाटली तरी शब्द कळतात, ते याच कारणाने.

शब्द कळण्याची खरी गुरुकिल्ली व्यंजनांत आहे. स्वर मोठ्याने निघतात आणि आवाजाला भरीवपणा देतात. पण 'सात' की 'चात', 'काल' की 'ताल' हा भेद व्यंजने करतात. स, श, च, त यांसारख्या वर्णांची ऊर्जा थोडी, आणि त्यांची खूण वरच्या पट्टीत, मुख्यतः २००० हर्ट्झच्या पुढे. पट्टी शंभरावर नेली की स्वर अधिकच गरजतात आणि व्यंजने त्यांच्याखाली दबतात. 'मोठे ऐकू येते, पण समजत नाही' ही तक्रार येथून सुरू होते.

डेसिबलचा जमाखर्च

व्यापारी घराला हिशेबाची भाषा जवळची, म्हणून आवाजाचा हिशेबही पाहावा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल वाढ लागते, म्हणजे शक्ती दहापट. येथे भांडवल दहापट गुंतवूनही नफा दुप्पटच मिळतो.

आता दुसरी बाजू. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. आजी आठ फुटांवरून चार फुटांवर आल्या तर सहा, आणि दोन फुटांवर आल्या तर बारा डेसिबल. बारा डेसिबल म्हणजे सोळापट शक्ती. दोन फुटांवरचा एक वॅटचा स्पीकर आठ फुटांवरच्या सोळा वॅटच्या स्पीकरचे काम करतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून कमी भरते. पण तेथे दुसरा लाभ होतो. जवळ बसणाऱ्याला भिंतींचा घुमारा कमी आणि सरळ आलेला शब्द अधिक ऐकू येतो. स्पष्टतेसाठी हाच लाभ मोठा आहे.

म्हणून पहिला उपाय साधा आहे : लॅपटॉप आजींकडे न्यावा, किंवा आजींची खुर्ची लॅपटॉपकडे आणावी. पडदा पाहण्याची गरज तरुणांना अधिक आणि ऐकण्याची गरज वृद्धांना अधिक असते. बसण्याची मांडणी या गरजेप्रमाणे असावी.

पाट, भिंत आणि गादी

दुसरा उपाय जागेचा. अनेक लॅपटॉपांत स्पीकर खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ असतात. काहींत ते कळफलकाच्या दोन बाजूंना वर तोंड करून, तर काहींत कडेला असतात. ते कोठे आहेत हे कळत नसेल, तर एखादे बोलणे सुरू करून कडेकडेने तळहात फिरवावा. जेथे हात ठेवल्याने आवाज दबतो तेथे स्पीकर आहे.

खाली तोंड असलेला स्पीकर गादीवर, लोडावर, सतरंजीवर किंवा मांडीवर ठेवला, की त्याचे तोंडच बंद होते. कापूस वरच्या पट्टीचा आवाज गिळतो, म्हणजे नेमकी व्यंजनेच हरवतात. अनेक पेढ्यांवर आजही गादी-तक्क्याची बैठक आहे. तेथे लॅपटॉप मांडून सनदी लेखापालाशी बोलताना 'साहेब, आवाज येत नाही' असे पुनःपुन्हा म्हणण्याची वेळ येते. यावरील इलाज घरातच असतो : लाकडी पाट किंवा चौरंग. कठीण, सपाट पृष्ठभागावर आपटून आवाज वर आणि समोर येतो. पत्र्याचा डबा किंवा स्टीलचे ताट मात्र टाळावे; ते स्वतःच थरथरते आणि आवाजात किरकिर मिसळते.

पाटावर ठेवलेला लॅपटॉप भिंतीजवळ, तिच्याकडे पाठ करून ठेवला तर मागे जाणारा आवाजही पुढे परततो आणि खालच्या पट्टीला थोडा भरीवपणा येतो. ही स्थानकातील पाटामागच्या भिंतीचीच युक्ती. हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे मात्र मोकळी राहिली पाहिजेत. यंत्र तापले की त्याचा पंखा वेगाने फिरू लागतो आणि त्याची घरघर शब्दांवर पसरते.

जालना परिसरात धुळीचाही विचार करावा लागतो. कोरड्या हवेचे लांब महिने, वाहनांची वर्दळ आणि पेढीवरील धान्याची धूळ यांनी स्पीकरची बारीक जाळी हळूहळू भरते. लॅपटॉप बंद करून, वीजजोडणी काढून मऊ कोरड्या ब्रशने जाळी हलकेच झाडावी. टाचणी घालू नये, पाणी किंवा कोणतेही द्रव लावू नये, जोराची हवाही मारू नये. जाळीमागचा पडदा कागदासारखा नाजूक असतो.

शांततेची मिळकत

तिसरा उपाय शांततेचा. दोन माणसांचे सहज बोलणे एक मीटरवर सुमारे साठ डेसिबल भरते. उन्हाळ्यात खोलीतील कूलरचा आवाज जवळून जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे लॅपटॉपमधील वक्ता आणि कूलर बरोबरीने बोलत असतात, आणि आजींनी त्यांतून एकालाच निवडून ऐकावे अशी अपेक्षा केली जाते. तरुण कान ही निवड सहज करतो. वयानुसार ती शक्ती कमी होते. अर्ध्या तासासाठी कूलर मंद करणे, दूरचित्रवाणी बंद ठेवणे, स्वयंपाकघराचे दार लोटून घेणे, यातून मिळणारी स्पष्टता कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळत नाही. ज्यांच्या खोलीत फरशी आणि उघड्या भिंतीच आहेत, त्यांनी श्रोत्यांच्या बाजूला जाड पडदा किंवा सतरंजी अंथरावी. घुमारा कमी होतो. कठीण पृष्ठभाग यंत्राखाली आणि मऊ पृष्ठभाग श्रोत्यांच्या बाजूला, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

यंत्राच्या आतील दुरुस्त्या

एवढे केल्यानंतर यंत्राच्या सेटिंगकडे वळावे. विंडोज असलेल्या लॅपटॉपमध्ये पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

आवाजाच्या पट्ट्या एकापेक्षा अधिक असतात. यंत्राची मुख्य पट्टी वेगळी, यूट्यूबच्या चौकटीतील पट्टी वेगळी आणि 'व्हॉल्यूम मिक्सर'मध्ये प्रत्येक प्रोग्रामची पट्टी वेगळी. मुख्य पट्टी शंभरावर असूनही आतील एखादी चाळिसावर अडकलेली असते. पाण्याचा मुख्य नळ उघडून घरातील तोटी बंद ठेवण्यासारखेच हे आहे.

जुन्या पद्धतीच्या 'साउंड' चौकटीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा विभाग असतो. कॉल सुरू झाल्यास इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करावेत, अशी योजना तेथे बहुधा आधीपासून निवडलेली असते. कॉलच्या वेळी इतर आवाज अचानक खाली जात असतील, तर तेथे 'डू नथिंग' हा पर्याय निवडावा.

स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'एन्हान्समेंट्स' हा विभाग असल्यास 'लाउडनेस इक्वलायझेशन' सुरू करून पाहावे. हा पर्याय सर्व यंत्रांत नसतो. तो ध्वनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. मोठा आणि हळू आवाज यांतील अंतर तो कमी करतो. वक्ता मध्येच हळू बोलू लागला तरी शब्द वर उचलले जातात. व्याख्यानासाठी हे उपयुक्त आहे. शास्त्रीय गायनासाठी मात्र ते बंद ठेवावे, कारण गाण्यातील चढ-उतारच त्याने सपाट होतात.

एका बाजूचा स्पीकर बिघडला असेल किंवा एखादे ध्वनिमुद्रण एकाच बाजूने ऐकू येत असेल, तर 'ॲक्सेसिबिलिटी' विभागातील 'मोनो ऑडिओ' सुरू करावे. ज्यांचा एक कान अधू आहे त्यांनाही इअरफोन लावताना हा पर्याय उपयोगी पडतो.

इक्वलायझर उपलब्ध असल्यास सर्वसाधारण ओढ खालचा आवाज वाढवण्याची असते. बोलण्यासाठी उलट करावे. २०० हर्ट्झच्या खालची पट्टी कमी करावी आणि २००० ते ४००० हर्ट्झची तीन-चार डेसिबलने वर घ्यावी. जे स्वर हा लहान पडदा काढूच शकत नाही, त्यांवर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. तो खर्च वाचवला, की तीच शक्ती शब्दांना मिळते.

शंभराच्या पुढे

व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये आवाज शंभर टक्क्यांच्या पुढे नेता येतो. ज्याचे ध्वनिमुद्रणच हळू आहे, त्यासाठी ही सोय चांगली आहे. मात्र तिला मर्यादा आहे. यंत्र ठरावीक उंचीपर्यंतच्या ध्वनिलहरी देऊ शकते. त्याहून उंच लहरीचा माथा ते सरळ कापून टाकते. कापलेल्या लहरीतून फाटलेला, खरखरीत आवाज येतो. तो मोठा भासतो, पण शब्द अधिकच बिघडतात. आणि असे तासन्‌तास चालवल्यास स्पीकरचे वेटोळे तापून खराब होण्याचा धोका असतो. खरखर ऐकू आली की दोन पावले मागे यावे. पत असेल तेवढेच कर्ज घ्यावे, हा नियम येथेही लागू पडतो.

पुष्कळदा दोष ऐकणाऱ्याच्या यंत्रात नसून बोलणाऱ्याच्या बाजूला असतो. सभागृहाच्या मागच्या रांगेत मोबाइल उभा करून केलेल्या प्रक्षेपणात वक्त्याचा शब्द आणि भिंतींचा घुमारा एकत्र मिसळतो. तो नंतर कोणत्याही उपायाने वेगळा काढता येत नाही. ज्या वक्त्यांच्या परंपरेत ध्वनिमुद्रणास अनुमती आहे, तेथे आयोजकांनी मायक्रोफोन वक्त्याच्या मुखापासून वीतभर अंतरावर ठेवावा. शंभर घरांतील आजींचे काम सोपे होते. झूमवरील सामूहिक स्तवनात हार्मोनियमचे सूर तुटत असतील, तर 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय सुरू करावा. बोलण्याव्यतिरिक्तचा आवाज गोंगाट समजून गाळण्याची त्या प्रोग्रामची रीत आहे, आणि भक्तिसंगीतही त्याला गोंगाटच वाटते. इतर सर्वांनी आपापले माइक बंद ठेवावेत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

खरेदीची वेळ

हे सर्व करूनही आठ-दहा जणांच्या कुटुंबाला एकत्र ऐकणे अवघड जात असेल, तर लॅपटॉप न बदलता त्याला बाहेरचा स्पीकर जोडावा. तारेने जोडण्याचे साधे स्पीकर काही शे रुपयांपासून मिळतात. त्यांचा पडदा मोठा आणि पेटी पोकळ असल्याने आवाजात लगेच फरक पडतो. घरातील दूरचित्रवाणी संचाला एचडीएमआय तारेने लॅपटॉप जोडला तर वेगळी खरेदीही नको. एकट्या आजींनाच कमी ऐकू येत असेल, तर कानावर पूर्ण बसणारा हेडफोन सर्वांत उत्तम. तेथे अंतर जवळजवळ शून्यच होते. त्याचा आवाज मात्र मर्यादेत असावा. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली सुरक्षिततेची सीमा आहे.

मोठा स्पीकर आणताना शेजाऱ्यांचा विचारही हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. धर्मश्रवण आपल्या घरी व्हावे आणि त्याचा उपद्रव दुसऱ्याच्या घरी होऊ नये, एवढा विवेक अहिंसेतच येतो.

दोष यंत्राचा की कानाचा?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. कित्येक घरांत लॅपटॉपचा आवाज कमी नसतो. ऐकणाऱ्याचा कान थकलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण येईल इतकी श्रवणहानी असते. वयामुळे येणारी श्रवणहानी प्रथम वरच्या पट्टीत येते, म्हणजे व्यंजनांच्याच प्रदेशात. म्हणून माणसाला आवाज येतो, पण शब्द समजत नाहीत. हळू बोलले तर ऐकू जात नाही आणि मोठ्याने बोलले तर "ओरडतोस कशाला?" असे उत्तर मिळते. हा स्वभावाचा चिडचिडेपणा नव्हे. थकलेल्या कानाला हळू आणि असह्य यांच्यातील जागा कमी उरते, एवढेच त्याचे कारण आहे.

हे लक्षण दिसले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कधी कानातील मळ काढल्यानेच काम होते. नसल्यास श्रवणक्षमतेची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री करून कोणत्या पट्टीत किती घट आहे हे कळते आणि त्यानुसार श्रवणयंत्र बसवता येते. चष्मा लावण्यात कोणाला संकोच वाटत नाही. श्रवणयंत्राबाबत मात्र 'लोक काय म्हणतील' हा विचार आडवा येतो. त्याची किंमत मोठी असते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून आपल्या अहवालांत श्रवणहानीला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत गणले आहे. ऐकू न येणारा माणूस आधी संभाषणातून दूर होतो, मग कुटुंबातून, आणि शेवटी स्वतःतच मिटतो. पेढीवर चाळीस वर्षे भाव ठरवणारे बाबूजी घरातील चर्चेत गप्प बसू लागले, तर ते विरक्त झाले असे समजण्याआधी त्यांचे कान तपासून घ्यावेत.

दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात इंद्रिये क्षीण होण्यापूर्वीच धर्माचरण साधून घ्यावे, असा उपदेश आहे. तो प्रत्येकाने स्वतःसाठी घ्यावयाचा आहे. ज्यांची इंद्रिये क्षीण होऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी मात्र तो घरातील धडधाकट माणसांचे कर्तव्य ठरतो.

या कर्तव्याला पंधरा मिनिटे पुरतात. येत्या रविवारी लॅपटॉप गादीवरून उचलून पाटावर ठेवावा, पाटामागे भिंत असावी, कूलर मंद करावा आणि आजींची खुर्ची दोन फुटांवर आणावी. मग पाच मिनिटांचे एखादे व्याख्यान किंवा स्वाध्याय लावावा. संपल्यावर "ऐकू आले का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. "काय सांगितले?" असे विचारावे. आजींनी ती कथा आपल्या शब्दांत परत सांगितली, तर यंत्राचे काम झाले. सांगता आली नाही, तर पुढचे पाऊल स्पीकरच्या दुकानाकडे नव्हे, कानाच्या डॉक्टरांकडे टाकावे.